मांत्रिक रत्ने, रोमन

रोमन साम्राज्यात ताईत म्हणून वापरले जाणारे कोरीव खडे. बहुतेक इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतले मानले जातात. मात्र उत्खननात जागेवर सापडलेले खडे थोडे असल्याने हा काळ मुख्यत्वे कोरीवकामाच्या शैलीवरून ठरवलेला आहे. हेमॅटाइट, जॅस्पर आणि कॅल्सेडोनी हे नेहमीचे दगड. मुद्रेच्या खड्यावर अक्षरे उलटी कोरतात, म्हणजे ठसा सुलटा उठतो. या खड्यांवर ती सुलटीच असतात, शिवाय मागची बाजू आणि कधी कडाही कोरलेली असते. लिपी जवळजवळ नेहमी ग्रीक असली तरी इआओ, साबाओथ, अदोनाई ही देवाची नावे ज्यू परंपरेतली, तर बऱ्याच आकृती ईजिप्तच्या. ‘अब्लानाथानाल्बा’सारखे दोन्हीकडून सारखेच वाचले जाणारे शब्दही आढळतात.

सर्वाधिक वाद या खड्यांवर येणाऱ्या ‘अब्रासाक्स’ या नावावरून झाला. ग्रीक अक्षरे अंकांसाठीही वापरली जात (आपल्याकडच्या कटपयादीची आठवण यावी). त्याप्रमाणे या नावातील अक्षरांची बेरीज १ + २ + १०० + १ + २०० + १ + ६० = ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. इ. स. १८० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मगुरू इरिनेअसने हे नाव बॅसिलिडीझ या गुरूच्या ज्ञेयवादी (गूढ ज्ञानातून मुक्ती मानणाऱ्या, नॉस्टिक) पंथाशी जोडले. त्या आधारे सतराव्या शतकापासून हे सारे खडे ‘ज्ञेयवादी रत्ने’ म्हणून ओळखले गेले. अमेरिकन अभ्यासक कॅम्बेल बॉनर यांनी १९५० मध्ये त्यांचा विचार प्रामुख्याने ग्रीक-ईजिप्शियन जादूच्या अंगाने केला आणि आज हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रीक मांत्रिक पपायरसांतही असे खडे कोरण्याचे विधी आहेत. कोंबड्याचे डोके, चिलखत घातलेले धड, पायांच्या जागी साप आणि हातात चाबूक व ढाल अशा आकृतीलाही सरसकट अब्रासाक्स म्हणतात. पण तिच्याजवळ पुष्कळदा ‘इआओ’ हे नाव कोरलेले असते. कोंबडा, पुरुष व वीर यांच्या हिब्रू शब्दांतील साम्यावरून ती सुचली असावी, असे एक मत आहे. ते आकर्षक असले तरी सिद्ध झालेले नाही.

औषधी खड्यांची माहिती अधिक नेमकी मिळते. सिंहाच्या डोक्याचा, मस्तकाभोवती किरणे असलेला सर्प ख्नूबिस पोटाच्या विकारांवर चाले. ग्रीक वैद्य गेलेनने तसा सर्प कोरलेल्या हिरव्या जॅस्परचा उल्लेख करून, न कोरलेला खडाही तितकाच गुणकारी ठरल्याचे स्वानुभवाने नोंदवले आहे. गुण दगडाचा, चित्राचा नव्हे, असे त्याच्या बोलण्यातून निघते. सिंहाचा गळा आवळणारा ग्रीक वीर हेराक्लीझ आणि मागे तीन ‘कप्पा’ (ग्रीक ‘क’) अक्षरे, हा पोटशुळावरचा खडा. सहाव्या शतकातील वैद्य ट्रॅलीसचा अलेक्झांडर याच उपायासाठी हेच चित्र सांगतो. हेमॅटाइटचे ग्रीक नावच रक्तावरून आलेले. त्यावर गर्भाशय, म्हणजे तुंबडीसारखे उपडे भांडे आणि खाली किल्ली, कोरत. भोवती स्वतःचे शेपूट गिळणारा साप असे. गर्भाशय हवे तेव्हा उघडावे वा मिटावे, हा किल्लीचा अर्थ बहुधा बरोबर आहे. कापणी करणाऱ्या शेतकऱ्याचे खडे कंबरदुखीसाठी असत.

हे खडे कोरणाऱ्या कारागिरांची नावे ज्ञात नाहीत. उगम ॲलेक्झांड्रियात झाला असावा, असा सर्वसाधारण तर्क आहे. पैठणहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या ऑनिक्स खड्यांची नोंद ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारग्रंथात आहे, परंतु त्यातून ताईत घडल्याचा पुरावा नाही.