अठरा पूर्ण, आता पुढे? बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांची पार्श्वभूमी

बालगृहातल्या मुलांचं 18 नंतर काय होतं हा विषय महाराष्ट्रात निघाला की पाच मिनिटांत गाडी अनाथांच्या 1 टक्का आरक्षणावर येते. आरक्षण महत्त्वाचं आहेच, पण ते आलं 2018 ला, आणि मुलं बाहेर पडतायत कित्येक दशकांपासून.

जुना काळ पटकन सांगतो. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा 1924 चा, नंतर 1948 चा. 'रिमांड होम' हा शब्द त्याच काळातला आणि तो अजून गेलेला नाही, घरोघरी "रिमांड होममध्ये टाकीन हं" म्हणून पोरांना दम देतात, त्यामुळे बालगृहातून आलेल्या मुलाला पहिल्या नोकरीत आजही विचारलं जातं की बाबा तू काय केलं होतंस. त्याने काही केलेलं नसतं, त्याची आई वारलेली असते किंवा घरात खायला नसतं, एवढंच.

1986 च्या केंद्रीय बालन्याय कायद्यात मुलगा 16 पर्यंत बालक आणि मुलगी 18 पर्यंत. म्हणजे मुलगा दहावी देतो न देतो तोवर बाहेर! 2000 च्या कायद्याने दोघांनाही 18 केलं आणि अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून निघाल्यावर राहायची सोय जास्तीत जास्त तीन वर्षं, वयाच्या विसाव्यापर्यंत ठेवली. मग 2015 चा कायदा आला, तो जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यात अनुरक्षण 18 ते 21, आणि नियमांत अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. कागदावर वय वाढत गेलं हे खरं. पण कलम 46 नीट वाचा, संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत 'देता येईल' असं आहे, 'दिली जाईल' असं नाही. 'देता येईल' असल्यामुळे ते जिल्ह्यावर, अधिकाऱ्यावर आणि त्या वर्षीच्या निधीवर राहतं. माझ्या मते सगळं इथेच अडलंय.

आणि 18 तरी कधी पूर्ण होतात? ज्या मुलाच्या जन्माचा कागदच नाही त्याची शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख पडलेली असते, आपल्या आजी-आजोबांची असायची तशीच. शाळेचाही कागद नसेल तर हाडांची तपासणी करून अंदाज काढतात. त्या अंदाजावर एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी ट्रंक भरायची. मी एका मुलाची फाईल पाहिलीय, आधार कार्डवर पत्ता बालगृहाचा आणि आधारला लिंक केलेला मोबाईल अधीक्षकांचा. बाहेर पडल्यावर बँकेत गेला तर ओटीपी सरांच्या फोनवर, आणि सरांची तर बदली झालेली. खोली बघायला गेला की घरमालक पर्मनंट ॲड्रेस विचारणार, तो काय सांगणार?

आता आरक्षणाकडे येतो, कारण खरा गुंता 'अनाथ' या शब्दाचा आहे. संस्थेत वाढलेल्या एका मुलीने राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत चांगले मार्क मिळवले, पण जातीचा दाखला नाही म्हणून ती खुल्या गटात गेली आणि निवड हुकली. तिने पाठपुरावा केला आणि एप्रिल 2018 मध्ये अनाथांसाठी खुल्या प्रवर्गात 1 टक्का समांतर आरक्षणाचा जीआर निघाला. ही तिचीच कमाई. पण मग प्रश्न आला की अनाथ म्हणजे कोण. 2021 च्या जीआरमध्ये अ, ब, क असे तीन गट पडले, आईवडिलांचा काहीच पत्ता नाही ते वेगळे, आईवडील वारलेत पण संस्थेत वाढले ते वेगळे, नातेवाइकांकडे वाढले ते वेगळे. त्यात टाकून दिलेली मुलं कुठे? कायद्यात 'अनाथ' आणि 'परित्यक्त' या व्याख्या वेगवेगळ्या आहेत, आणि त्यावर बोट ठेवून सरकारने हायकोर्टात भूमिका घेतली की परित्यक्त मुलींना अनाथ प्रमाणपत्र देता येणार नाही. म्हणजे आईवडील मेले असतील तर सवलत, पायरीवर ठेवून गेले असतील तर नाही. 2023 च्या सुरुवातीला कोर्टाने सरकारला यावरून चांगलंच सुनावलं, अनाथ आणि परित्यक्त मुलांच्या परिस्थितीत फरक काय असं विचारलं. त्याच वर्षी 6 एप्रिलला नवा जीआर आला, त्यात संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन गट झाले.

मधे कोविड होऊन गेला. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने 5 लाखांची ठेव जाहीर केली, केंद्राने 10 लाख, ते 23 व्या वर्षी हातात आणि 18 पासून दरमहा विद्यावेतन. चांगलंच झालं ते, त्या मुलांना मिळायलाच हवं होतं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली की ठरवलं तर सरकारला 23 पर्यंत सोबत राहता येतं. बालगृहातून निघणाऱ्यासाठी मात्र केंद्राच्या 2009 च्या बालसंरक्षण योजनेत महिना 2,000 होते, 2022 नंतर 4,000 झाले. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्याला विचारा 4,000 मध्ये काय होतं.

आणि हे आरक्षण, प्रमाणपत्र सगळं ज्या 'अनाथ' शब्दावर उभं आहे तो बालगृहातल्या बहुतेक मुलांना लागूच होत नाही. देशभरातल्या 9,589 संस्थांची पाहणी झाली होती, त्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं 3 लाख 70 हजारांच्या घरात होती आणि त्यातली अनाथ साधारण 40 हजार. बाकीच्यांना कुणी ना कुणी आहे, बऱ्याच जणांना एकटी आई आहे, धुणीभांडी करणारी, आजारी, किंवा दुसरं लग्न करून लांब गेलेली. अशा मुलाला आई जिवंत म्हणून अनाथ प्रमाणपत्र नाही. जातीचा दाखला काढायला गेला तर वडिलांकडचे जुने पुरावे मागतात, ओबीसी असेल तर 1967 आधीचे, भटक्या विमुक्तांतला असेल तर 1961 आधीचे. वडिलांचं गावच त्याला माहीत नसतं. मग तोही खुल्या गटातच फॉर्म भरतो, 2018 च्या आधी ती मुलगी भरत होती तसाच.