पोटॅश फेल्डस्पार आणि सोडा फेल्डस्पार: पोर्सिलेनमध्ये एकाच्या जागी दुसरा चालेल का?

फेल्डस्पार या खनिजाच्या या दोन्ही प्रकारांची पूड पांढरट असते, दोन्ही पोर्सिलेनच्या मिश्रणात द्रावक (इतर घटकांना वितळायला मदत करणारा पदार्थ) म्हणून पडतात आणि रासायनिक सूत्रातही पोटॅशियमच्या जागी सोडियम एवढाच फरक असतो. त्यामुळे एक संपला की तेवढ्याच वजनाचा दुसरा घालण्याचा मोह होतो. भट्टीत मात्र दोघांची वागणूक निराळी असते आणि नुसत्या वितळणबिंदूवरून ती कळत नाही.

शुद्ध सोडा फेल्डस्पार सुमारे १११८ अंश सेल्सिअसला सरळ वितळतो. पोटॅश फेल्डस्पारचे सुमारे ११५० अंशांना विघटन होऊन द्रव आणि ल्युसाइट या दुसऱ्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. एवढ्यावरून सोडा लवकर वितळतो असे वाटेल. पण क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या) सान्निध्यात पोटॅशचा पहिला द्रव ९९० अंशांच्या आसपास दिसू लागतो, तर सोड्याला साधारण १०६० अंश लागतात.

खरा फरक त्यानंतरचा आहे. पोटॅशपासून झालेला काचद्रव दाट असतो, त्यामुळे तापमान थोडे पुढे गेले तरी भांडे आपला आकार टिकवून धरते. सोड्याचा द्रव पातळ असतो. तो छिद्रे झपाट्याने भरतो, पण पातळ काठाचे किंवा आडव्या पसरट आकाराचे भांडे वाकण्याचा धोकाही तोच वाढवतो. म्हणून भट्टीत तापमान सर्वत्र सारखे राहत नसेल, तर पोटॅशच अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे.

वजनाचा हिशेबही फसवा आहे. निम्मे केओलिन (पांढरी चिनीमाती), पाव क्वार्ट्झ आणि पाव शुद्ध फेल्डस्पार अशा मिश्रणात पोटॅशमुळे सुमारे ४.२ टक्के पोटॅशियम ऑक्साइड येते, तर सोड्यामुळे फक्त २.९५ टक्के सोडियम ऑक्साइड. तरीही सोड्याचे द्रावक बळ कमी पडत नाही, कारण सोडियम ऑक्साइडचा रेणुभार ६२ आणि पोटॅशियम ऑक्साइडचा ९४ असल्याने रेणूंची संख्या उलट किंचित जास्तच भरते.

विजेच्या इन्सुलेटरसाठीही पोटॅशच बरा, कारण लहान सोडियम आयन काचेतून अधिक सहज सरकतात आणि विद्युतरोध घटवतात.

खाणीतून येणाऱ्या मालात बहुधा दोन्ही ऑक्साइडे मिसळलेली असतात, तेव्हा गोणीवरच्या नावापेक्षा विश्लेषणाचा तक्ता पाहावा. बदल करायचाच असेल, तर आधी थोडाच भाग बदलून त्या मिश्रणाची बारीक पट्टी दोन टोकांवर टेकवून भाजावी आणि ती मधोमध किती झुकली हे जुन्या मिश्रणाच्या पट्टीशेजारी ठेवून मोजावे.