चोवीस टनी दगड आणि पाचवीतला लसावि

२०१२ च्या जगबुडीचे मेल आठवतायत? "माया कॅलेंडर संपतंय" म्हणून सोबत एका गोल दगडाचा फोटो यायचा, मधे जीभ बाहेर काढलेला चेहरा. तो दगड मायांचा नाहीच! तो मेशिकांचा, म्हणजे ज्यांना आपण अ‍ॅझटेक म्हणतो त्यांचा, आणि जगबुडीचं भाकीत त्यावर कुठेही कोरलेलं नाही.

मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात तो आहे. १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात सापडला, सुमारे २४ टनांचा बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा जो दगड तोच. संग्रहालय अवाढव्य आहे, एका दिवसात होत नाही, पण मी म्हणेन या दगडासमोर वेळ काढाच. चेहऱ्याभोवतीच्या कड्यात वीस चौकोन आहेत, मगर, वारा, घर, सरडा, साप... ही दिवसांची नावं.

आता खरी गंमत. या २० नावांना १ ते १३ आकडे लागायचे आणि दोन्ही एकदम पुढे सरकायचे, १ मगर, २ वारा, असं करत १३ वेत, आणि मग १४ नाही तर १ जॅग्वार. २० आणि १३ चा लसावि २६०, म्हणून ही जोडी २६० दिवसांनी परत येते. शिवाय ३६५ दिवसांचं वर्ष वेगळं, १८ महिने गुणिले २० आणि वर उरलेले ५ दिवस, जे अशुभ मानायचे. पण अख्खं गणित या पाचावरच उभंय! वर्षाला त्यातल्या एका ठरावीक दिवसाचं नाव आणि आकडा द्यायचे. ३६५ ला २० ने भागलं की बाकी ५, म्हणजे दरवर्षी नाव पाच घरं पुढे, म्हणून वर्षाला चारच नावं मिळतात: ससा, वेत, गारगोटी, घर. १३ ने भागलं की बाकी १, म्हणजे आकडा एकाने पुढे (आपल्या वाढदिवसाचा वार साध्या वर्षात एकाने सरकतो ना, अगदी तसंच, तिथे भागाकार ७ ने). चार नावं गुणिले तेरा आकडे, ५२ वर्षं. दिवसांत मोजलं तर २६० आणि ३६५ चा लसावि १८,९८०, तेही बरोब्बर ५२ वर्षंच.

५२ वर्षं भरली की घराघरातला विस्तव विझवायचे आणि रात्री टेकडीवर नवा अग्नी पेटवून तोच सगळीकडे न्यायचे. शेवटचा असा अग्नी १५०७ मध्ये पेटला. पुढची पाळी १५५९ ची होती, पण १५२१ मध्येच स्पॅनिशांनी मेशिकांची राजधानी टेनोच्टिट्लान घेतली.