दीड सेंटिमीटरचं कॉकपिट

एक डायल आहे. काळी, गोल, व्यास १.७ मिलिमीटर. तिच्यावर पांढरे आकडे आणि एक काटा काढायचा आहे. टेबलावर दिवा, हातात शिवणाची सगळ्यात बारीक सुई, आणि समोर मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलचं कॉकपिट, रुंदीला जेमतेम दीड सेंटिमीटर.

माझं मॉडेल १/४८ प्रमाणाचं आहे. खऱ्या विमानाचे ४८ मिलिमीटर इथे १ मिलिमीटर होतात. मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, माझ्याकडे तो १५ सेंटिमीटर भरतो. खोक्यातून येणाऱ्या सुट्या भागांमध्ये कॉकपिटही असतं, पण साच्यातून काढलेलं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. कॉकपिटची १ मिलिमीटर जाडीची भिंत म्हणजे खऱ्या विमानात ४८ मिलिमीटरचा पत्रा झाला. तो रणगाड्याला शोभेल, विमानाला नाही. म्हणून बरेच मॉडेलकार तो भाग बाजूला ठेवतात आणि प्लास्टिकची पातळ शीट, तांब्याची तार, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी असं साहित्य घेऊन कॉकपिट मुळापासून स्वतः बांधतात. याला स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात.

मिग-२१च का, हे नाशिककराला विचारू नये. भारतीय हवाई दलात हे विमान १९६३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी ते देशात बनवण्यासाठी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सहाशेहून जास्त मिग-२१ भारतात तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला. त्याच आठवड्यात मी हे मॉडेल कापायला घेतलं.

आता त्या डायलकडे येऊ. खऱ्या कॉकपिटमधल्या बऱ्याच डायलींचा व्यास ८० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावरचा आकडा समजा ६ मिलिमीटर उंच धरला, तर माझ्याकडे तो ०.१२ मिलिमीटर उंच हवा. असा आकडा लिहिता येईल का, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. खरा प्रश्न वेगळाच होता: लिहिला तरी तो दिसेल का?

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगवेगळे दिसायला त्यांच्यात साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर लागतं. दृष्टिपटलाच्या मध्यभागी प्रकाश टिपणाऱ्या पेशी किती दाट आहेत आणि बाहुलीतून प्रकाश किती पसरतो, यावर ही हद्द ठरते. मॉडेल ३० सेंटिमीटरवर धरलं, तर हे अंतर ०.०९ मिलिमीटरच्या घरात येतं. त्याला ४८ने गुणलं की साधारण ४ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानातली ४ मिलिमीटरपेक्षा बारीक कोणतीही नक्षी माझ्या मॉडेलवर उघड्या डोळ्याला सुटी दिसणारच नाही. ०.१२ मिलिमीटरच्या आकड्यातले ३ आणि ८ डोळ्याला सारखेच. तिथे आकडा लिहायचा नसतो, आकड्याएवढा पांढरेपणा ठेवायचा असतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटवर काळा रंग द्यायचा, तो वाळला की सुईच्या टोकाने खरवडायचा. खालचं पांढरं उघडं पडतं. बारा बारीक टोचे आणि एक रेघ, एवढ्यावर मेंदू स्वतःच घड्याळासारखी तबकडी वाचून घेतो.

हाच हिशेब उलटा केला तर आणखी मजेशीर गोष्ट कळते. ३० सेंटिमीटरला ४८ने गुणा: १४.४ मीटर. मॉडेल हातभर अंतरावरून पाहणं म्हणजे खरं विमान १४ मीटरवरून पाहणं. मॉडेलकाराने कॉकपिटमध्ये बसून दिसतं ते नव्हे, तर चौदा मीटरवरून डोकावल्यावर दिसेल ते घडवायचं असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नेमकं हेच गणित वापरलं होतं. १९४२ साली नौदलाच्या मागणीवरून तिथल्या शाळकरी मुलांनी १/७२ प्रमाणात शत्रूची आणि आपली विमानं लाकडातून कोरून दिली. ३५ फुटांवर टांगलेलं असं मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, आणि सैनिक त्यावर विमान ओळखायचा सराव करत.

आकार ४८पट लहान झाला, तसं बाकीचं जग लहान होत नाही. या छंदातली सगळी अडचण आणि सगळी गंमत मला तरी इथेच सापडली. प्रकाश तोच राहतो, पाण्याचा थेंब तोच, कागदाचा ताठपणाही तोच.

पायलटला आसनाशी बांधणाऱ्या पट्ट्यांचं उदाहरण घ्या. मी पहिल्यांदा त्या साध्या कागदाच्या कापल्या. एक मिलिमीटर रुंदीची पट्टी आसनावर ठेवली, तर ती पुठ्ठ्यासारखी हवेत ताठ उभी राहिली. खरी पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबते, घडी घेते, आसनाच्या कडेवरून ओघळते. वस्तूचं वजन तिच्या घनफळाबरोबर घटतं, पण वाकायला होणारा विरोध तितक्या वेगाने घटत नाही. लांबी, रुंदी, जाडी सगळंच ४८पट लहान केलेली पट्टी, तिच्या लांबीच्या मानाने पाहिलं तर, ४८पट कमी लोंबते. मुंगीच्या मापाच्या जगात कापड लोंबतच नाही म्हणा ना. शिवाय साधा कागद असतो ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ ५ मिलिमीटर. एवढा जाड पट्टा कोण बांधणार?

उपाय चांदीत आहे. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल एका मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी पातळ असते, आणि महत्त्वाचं म्हणजे ती दाबली तशी राहते. कागद परत उसळतो, धातूची चांदी वाकल्यावर वाकलेलीच राहते. तिची दुहेरी घडी घालून पट्टी कापायची, आसनावर ठेवायची आणि ओलसर काडीने हळूहळू बसवत जायचं. गुरुत्वाकर्षणाने जे केलं असतं ते आपण हाताने करायचं. पट्टी कुठे पडेल, बक्कल कोणत्या बाजूला कलंडेल, हे ठरवण्यासाठी मी एक संध्याकाळ गाडीच्या सीटबेल्टकडे पाहण्यात घालवली आणि ती मला अजिबात वाया गेलेली वाटत नाही.

काही ठिकाणी मात्र हे न बदलणारं जग आपल्या बाजूने काम करतं. कॉकपिटच्या दोन्ही कडांना बटणांच्या आणि खटक्यांच्या रांगा असतात. त्यासाठी मी जुन्या चार्जरची वायर सोलून आतली केसासारखी तांब्याची तार वापरतो. खऱ्या खटक्याच्या टोकाला गोलसर बोंड असतं. एवढं बारीक बोंड कोरायचं कसं? कोरायचं नाहीच. तारेचं टोक पांढऱ्या गोंदात किंचित बुडवून वर काढायचं. टोकाशी लागलेला गोंद आपोआप गोल होतो आणि तसाच वाळतो. पृष्ठताण द्रवाला कमीत कमी पृष्ठभागात ओढत असतो. मोठ्या थेंबाला गुरुत्वाकर्षण चपटा करतं, पण आकार पुरेसा लहान झाला की पृष्ठताणाची सरशी होते. पाण्यासाठी ही सीमा साधारण २.७ मिलिमीटर आहे. मॉडेलच्या कॉकपिटमधलं जवळजवळ सगळं या सीमेच्या आत मोडतं. डायलवर पारदर्शक वार्निशचा एक थेंब सोडला की तो कडेपर्यंत पसरून थांबतो, मधे हलका फुगतो, आणि वाळल्यावर अस्सल काचेसारखा चमकतो.

कॉकपिटमधल्या नळ्या आणि केबली करायची पद्धतही मला फार आवडते. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांना स्प्रू म्हणतात. एरवी त्या कचऱ्यातच जातात. अशी काडी मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायची. काडीचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. काडी लवायला लागली की बाजूला घेऊन दोन्ही टोकं एका संथ हालचालीत ओढायची. प्लास्टिक तेवढंच राहतं, म्हणून लांबी शंभरपट झाली की जाडी दहापट कमी होते. २ मिलिमीटरच्या काडीचा सेंटिमीटरभर मऊ भाग ओढून मीटरभर केला तर ०.२ मिलिमीटरचा धागा मिळतो. काडी चौकोनी असेल तर धागाही बराचसा चौकोनीच राहतो. जाड काचेच्या दांड्यातून ऑप्टिकल फायबर ओढतात तेही याच तत्त्वावर. हे घरी करताना खिडकी उघडी ठेवा, आणि मूल करणार असेल तर शेजारी बसा.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. सोव्हिएत लढाऊ विमानांच्या कॉकपिटचा तो निळसर हिरवा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. पण तो लावून झाल्यावर पहिल्यांदा माझी निराशा झाली. खटके होते, खोबणी होत्या, तरी सगळं सपाट दिसत होतं, खेळण्यासारखं. कारण सावलीत होतं. आकाशातला सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो. इतक्या लहान उगमातून येणाऱ्या प्रकाशात २० मिलिमीटर लांबीच्या खटक्याची सावली पडली, तर तिची कड जेमतेम ०.२ मिलिमीटर धूसर होते. सावली धारदार पडते आणि खटका उठून दिसतो. माझ्या खोलीत दोन मीटरवर चार फुटी ट्यूबलाइट आहे. मॉडेलवरून पाहिलं तर ती तीस अंशांहून जास्त पसरलेली. माझ्या ०.४ मिलिमीटरच्या खटक्याची सावली नळीच्या दिशेने पाव मिलिमीटर धूसर होते, म्हणजे निम्म्याहून जास्त विरघळूनच जाते. वरून पांढऱ्या भिंतींचा उजेड. विमान लहान केलं, सूर्य मात्र वितळून अख्ख्या छतावर पसरला.

म्हणून सावल्या रंगवाव्या लागतात. गडद तपकिरी ऑइल कलर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा आणि ब्रशचं टोक फक्त कोपऱ्याला टेकवायचं. रंग केशाकर्षणाने कडेकडेने स्वतःच धावतो, प्रत्येक खटक्याच्या बुडाशी कडं करून थांबतो. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग उंच कडांवरून फिरवायचा. पहिल्याने सावली आली, दुसऱ्याने ऊन. काहीजण याला दिखाऊपणा म्हणतात. मला ते पटत नाही. आकार लहान करताना जो प्रकाश हरवला तोच आपण परत ठेवत असतो.

एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी एका मॉडेलची कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, सुपरग्लूने चिकटवली आणि झोपलो. सकाळी झाकण आतून पांढरंफटक. सुपरग्लूतलं सायनोअॅक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. त्याची वाफ बंद जागेत कोंडली, दमट हवेत जवळच्या पृष्ठभागावर बसली आणि तिथेच तिचं प्लास्टिक झालं. सगळ्यात दाट थर कुठे होता, तर आतल्या बाजूला उमटलेल्या माझ्याच अंगठ्याच्या ठशावर. घामातल्या क्षारांवर आणि ओलाव्यावर ही वाफ चटकन धरते. जपानमधल्या पोलिसांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस हेच हेरलं आणि आज जगभर गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे याच पद्धतीने उठवतात. तेव्हापासून काचेजवळ मी फक्त पांढरा गोंद वापरतो. तो पाणी उडून वाळतो आणि पारदर्शक होतो.

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांची सगळी नोकरी ओझरला विमानांच्या जुळणीत गेली. कॉकपिट पुरं झालं असं वाटल्यावर मी ते त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल डोळ्यांजवळ धरलं. पट्ट्या, खटके, वर रबरी मुखवट्यातला रडारचा पडदा, सगळं पाहिलं. मग म्हणाले, "छान आहे रे. पण पांढरी रेघ कुठंय?"

मला वाटलं होतं ती रेघ म्हणजे काहीतरी कारखान्यातली खूण असेल, म्हणून मी ती सोडूनच दिली होती. काकांनी समजावलं. मिगच्या पॅनेलवर मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं की पायलटला दिशेचं भान राहत नाही, विमान वळवायचा हातातला दांडा मध्यावर आहे की नाही तेही कळत नाही. अशा वेळी त्याने फक्त त्या रेघेकडे पाहायचं आणि दांडा तिच्या रोखाने पुढे ढकलायचा. "बाकी सगळं फिरत असतं," काका म्हणाले, "रेघ तेवढी समोर."

घरी येऊन दांडा अलगद सोडवला. पॅनेलवर स्टीलची पट्टी धरली आणि सुई एकदाच वरून खाली ओढली. खालचं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं. मग दांडा परत बसवला, आणि इथे डोळ्याची आणखी एक खुबी कळली. दोन ठिपके सुटे पाहायला डोळ्याला ०.०९ मिलिमीटर लागतात, पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे तो त्याच्या कितीतरी पट बारकाईने ओळखतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. व्हर्नियर कॅलिपरवरच्या रेघा आपण जुळवतो त्या याच क्षमतेच्या बळावर. दांडा केसभर डावीकडे होता आणि ते लगेच खुपत होतं. गोंद ओला असेपर्यंत तो सुईने सरकवत राहिलो. चौथ्या खेपेला बसला. उद्या पुन्हा वरच्या मजल्यावर जायचं आहे.