हीटर हवेतलं पाणी जाळत नाही

आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच जानेवारीत टोरंटोला आले. आठवडाभरात आईच्या टाचांना भेगा, बाबांच्या नाकात सकाळी वाळलेलं रक्त, दाराच्या मुठीला हात लावला की झटका, आणि माझा तबला हातोडी न लावताच चढलेला. आईचं निदान तयार होतं, "तुझी ती तळघरातली भट्टी हवेतलं सगळं पाणी जाळते."

असं वाटणं साहजिक आहे, कारण घर तापवलं की हवा कोरडी लागते हे खरंच आहे. पण फर्नेसमधला, म्हणजे त्या भट्टीतला, गॅस वेगळ्या बंद भागात जळतो, धूर पाइपने बाहेर जातो, आणि घरातली हवा नुसती तापलेल्या पत्र्यावरून फिरून येते, तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं. (तिकडे दिल्लीच्या थंडीत "हीटर ऑक्सिजन खातो" असंही ऐकलंय. कॉइलवाला इलेक्ट्रिक हीटर काही खात नाही, तिथे जळतच नाही काही. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडने खरोखर जीव घेते, तिथे थट्टा नको.)

मग कोरडी होते कशी? शाळेत सांगतात की गरम हवा जास्त पाणी धरून ठेवते, म्हणजे हवा हा एक स्पंज. मला या स्पंजचा मनापासून राग आहे. एका बाटलीत थोडं पाणी घ्या, वरची हवा पंपाने पूर्ण काढून टाका, झाकण घट्ट लावा आणि बाटली २१ डिग्रीला ठेवा. आत वाफ साचत जाते आणि तिचा दाब साधारण २५ हेक्टोपास्कलला (हे दाबाचं एकक, पुढचे दाबही यातच) येऊन थांबतो, हवा असली काय नि नसली काय. थांबतो याचा अर्थ हालचाल थांबली असा नाही हं, पाण्यातून रेणू निसटतच असतात आणि वाफेतले परत पाण्यात पडतच असतात, फक्त जाणारे आणि येणारे सारखे झालेले असतात. आता तापमान वाढवा. शेजाऱ्यांची पकड सोडवून पळण्याएवढी ऊर्जा असलेले रेणू मुळात थोडेच असतात, पण तापमान जरा वाढलं तरी या थोड्यांची संख्या भराभर वाढते, म्हणून हा कमाल दाब दर १० डिग्रीला जवळजवळ दुप्पट होतो: शून्याला ६, १० डिग्रीला १२, २० ला २३.

आणि हवामान अ‍ॅपवर दिसणारी आर्द्रतेची टक्केवारी म्हणजे आत्ता असलेला वाफेचा दाब भागिले त्या तापमानाचा कमाल दाब. बाहेर उणे १० डिग्री, आर्द्रता ८० टक्के, म्हणजे वाफेचा दाब फक्त २.३. हीच हवा आत येऊन २१ डिग्रीला तापली तरी वाफेचा दाब २.३ च, पण भागायचं आता २५ ने. आले ९ टक्के! अंश तोच, छेद फुगला. प्रत्यक्षात आपले श्वास, आंघोळी, वरणभाताचा कुकर यांची भर पडते म्हणून माझ्या मीटरवर २२ दिसत होते.

आता मुद्दा आरामाचा. कोरड्या हवेत थंडी जास्त वाजते, ह्युमिडिफायर (हवेत वाफ सोडणारं यंत्र) घ्या, थर्मोस्टॅट (घर किती तापवायचं ते ठरवणारं बटण) ३ डिग्री खाली आणा आणि गॅसचं बिल वाचवा, अशी जाहिरात सारखी समोर येते. तत्त्व खरं आहे, माठातलं पाणी गार होतं तेच. त्वचेतून घाम न येताही पाणी उडत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण किती? त्वचेचं तापमान ३३ च्या आसपास, तिथला कमाल दाब ५०. खोलीत ९ टक्के असताना फरक ४७.७, आणि ४० टक्के केले तर खोलीतला दाब १०, फरक ४०. म्हणजे बाष्पीभवनाचा जोर फार तर सहाव्या हिश्शाने कमी झाला, आणि नुसतं बसलेल्या माणसाची सगळी उष्णता या वाटेने जात नाही, साधारण पाव भाग जातो. पावाचा सहावा हिस्सा म्हणजे चारेक टक्के! डेन्मार्कचे फँगर यांनी माणसांना नियंत्रित खोल्यांत बसवून आरामाचं गणित मांडलं, त्या हिशेबानेही आर्द्रता १० टक्क्यांनी वाढली की जेमतेम ०.३ डिग्री उबदार वाटतं, म्हणजे ९ वरून ४० केले तरी तीन नाही, एखादी डिग्री. आपल्याकडच्या उकाड्यात घाम वाळला नाही की जीव नकोसा होतो, म्हणून आपल्याला आर्द्रतेचा परिणाम नेहमी तेवढाच मोठा वाटतो. हिवाळ्यात घामच नसतो.

शिवाय पाण्याची वाफ फुकट होत नाही. एका लिटरला ०.६८ युनिट ऊर्जा लागते, मग ती फर्नेसने द्या नाहीतर विजेने. जुन्या, फटी असलेल्या घरात दिवसाला १० लिटर सहज लागतात, म्हणजे सातेक युनिट. बाहेर-आत ३१ डिग्रीचा फरक असताना थर्मोस्टॅट एक डिग्री खाली केला तर वाचतात ३ टक्के, घर दिवसाला १५० युनिट उष्णता घेत असेल तर पाचेक युनिट. बचत गेली ना वाफेत!

हिमालयीन मिठाचा दिवा हवा सुधारतो म्हणणाऱ्यांचं तर काय बोलावं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, कोकणातली पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवा. २२ टक्क्यांत तो नुसता गुलाबी बल्ब.

तरीही मी आर्द्रता वाढवली, ती टाचा, नाक आणि तबल्यासाठी. रेडिएटरवर वाटीभर पाणी ठेवून भागत नाही, वाटीतून तासाला उडतात जेमतेम काही ग्रॅम. त्यापेक्षा आई आंघोळीनंतरचे टॉवेल आणि धुतलेले कपडे ड्रायरमध्ये न टाकता बेडरूममध्ये दोरीवर वाळत घालते, एका धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं.

पण हौसेने वाढवत जाऊ नका. २१ डिग्रीला ४० टक्के असतील तर ७ डिग्रीच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. मागच्या वर्षी मी ह्युमिडिफायरने ५० वर नेले, तेव्हा दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं ते) १० ला गेला, काचांवरून ओघळ आले आणि उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे काळी बुरशी निघाली, जी पुसायला अख्खा रविवार गेला. या शनिवारी उणे १८ सांगितलंय, काचा आणखी गार होणार, म्हणून आत्ताच ह्युमिडिफायरचा डायल ३० वर आणलाय आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय.