फिजीत शिडाच्या बोटीने फिरायचंय? परवानग्या, कागदपत्रं आणि मधेच फिरणारं वारं

"फिजीमधे सेलबोटवर फिरायचं तर परमिट कुठून काढायचं?" हा प्रश्न मला आता इतक्यांदा येतो की एकदाच सगळं लिहून टाकतो. पहिली गोष्ट, एक परमिट असं काही नाहीये. माणसाची परवानगी वेगळी, बोटीची वेगळी, बेटाबेटांत फिरायची वेगळी, आणि प्रत्येक गावाची चौथी, जी कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. यातला जवळपास प्रत्येक कागद तुम्हाला तारीख विचारतो, आणि शिडाची बोट म्हटल्यावर तारीख वाऱ्याच्या हातात. म्हणून फॉर्म कसा भरायचा यापेक्षा कधी भरायचा आणि त्यात किती मोकळी जागा ठेवायची हे जास्त महत्त्वाचं, निम्मे लोक तिथेच गोची करून घेतात.

आधी हवा, कारण अर्जाची वेळ तिच्यावरच ठरते. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा मोसम. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन आलं, कॅटेगरी ५, ४४ माणसं गेली, कोरो बेटाची तर पार वाट लागली. त्यामुळे फिरणाऱ्या बोटी मे ते ऑक्टोबर येतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात ना, तसं तिथे वुंदा मरीनात (मरीना म्हणजे अशा बोटी ठेवायचा धक्का) जमिनीत खड्डे खणलेत, बोटीचा कील, म्हणजे तळाला खाली निघालेला जड भाग, खड्ड्यात उतरवतात आणि बोट चारी बाजूंनी बांधून टाकतात. मोसमात बोट तिथेच ठेवणार असाल तर इन्शुरन्सवाल्यांना आधी लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसीत चक्रीवादळाच्या पट्ट्यातलं कव्हर त्या महिन्यांत एकतर बंद असतं नाहीतर असल्याच अटींवर चालू असतं.

पण मे ते ऑक्टोबर म्हणजे रोज निळं आकाश असंही समजू नका. नेहमीचा वारा आग्नेयेकडून. दक्षिणेला न्यूझीलंडच्या बाजूने हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा सरकला की तोच वारा २५-३० नॉट्सचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) होतो आणि चार-पाच दिवस हटत नाही. आणि मधेमधे तो ढगांचा पट्टा, साउथ पॅसिफिक कन्व्हर्जन्स झोन, खाली सरकून डोक्यावर येतो, मग पाऊस, स्क्वॉल म्हणजे अचानक येणारे वाऱ्याचे जोरदार झोत, आणि वारं उत्तरेकडून वायव्येकडे फिरतं. आदल्या दिवशी आग्नेय वाऱ्यात शांत वाटलेली नांगराची जागा रात्रीत उघडी पडते आणि मागे खडक. नांदीचं हवामान खातं, जे आख्ख्या त्या भागाच्या चक्रीवादळांचंही केंद्र आहे, त्याचं बुलेटिन रोज ऐकायचंच. (स्पेलिंग नादी, उच्चार नांदी. फिजीयन भाषेत डी च्या आधी न आणि बी च्या आधी म लागतो, क्यू म्हणजे ंग आणि सी म्हणजे थ. म्हणून ती बेटं मामानुका नाही, मामानुथा. व्हीएचएफ रेडिओवर चुकीचं बोललात तरी ते समजून घेतात, हसतात फक्त.)

माणूस म्हणून तुम्ही पात्र आहात का

इथे आपल्याला चक्क सोपं आहे. भारतीय पासपोर्टला फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पोचल्यावर चार महिन्यांचं व्हिजिटर परमिट मिळतं आणि ते पुढे दोन महिने वाढवून घेता येतं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. येलो फीव्हरच्या देशातून, म्हणजे पनामाकडून वगैरे येत असाल तर लशीचं पिवळं कार्ड. हे सगळं पाहुणा म्हणून फिरणाऱ्यांचं, पगार घेऊन बोटीवर काम करणार असाल तर वर्क परमिट लागतं, ती गोष्ट वेगळी.

अडचण फिजीत नाही, वाटेत आहे. न्यूझीलंडहून बोटीवर चढणार तर न्यूझीलंडचा व्हिसा हवा. ताहितीकडून येणार तर फ्रेंच पॉलिनेशियासाठी वेगळा व्हिसा, पासपोर्टावर शेंगेन आहे म्हणून चालेल असं धरून जाऊ नका, ती बेटं शेंगेनमधे येत नाहीत. विमानाने जाऊन फिजीतच बोट पकडायची असेल तर सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून जा, ऑस्ट्रेलियामार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो, फुकट असतो पण काढावा लागतो.

आणि परतीचं तिकीट! विमानाने जाणार, बोटीने निघणार, म्हणजे परतीचं तिकीट नाही. हे फिजीच्या इमिग्रेशनला समजतं पण मुंबईच्या चेक-इन काउंटरवर समजावताना घाम फुटतो. कॅप्टनकडून पत्र घ्या, त्यात बोटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे, कुठे चढणार आणि कोणत्या सुमारास देश सोडणार हे हवं, सोबत बोटीच्या रजिस्ट्रेशनची आणि तिच्या फिजीतल्या एन्ट्रीच्या कागदांची कॉपी. माझ्या पत्रात कॅप्टनने निघायची पक्की तारीख टाकली होती, वारं फिरलं, आम्ही नऊ दिवस अडकलो आणि मग त्या नऊ दिवसांचा खुलासा मलाच द्यावा लागला. "अमुक ते अमुकच्या दरम्यान, हवामानानुसार" असं लिहून घ्या. उलट बाजू पण लक्षात ठेवा, बोटीने आलात आणि विमानाने जाणार तर इमिग्रेशनमधे जाऊन क्रू लिस्टमधून नाव काढून घ्यायचं, नाहीतर कॅप्टनच्या डोक्याला ताप.

बोटीचे कागद

रजिस्ट्रेशनचं ओरिजिनल, शेवटच्या बंदराचा क्लिअरन्स, म्हणजे तिथून निघायच्या परवानगीचा कागद (हा नसला तर पुढे काहीच हलत नाही), क्रू लिस्टच्या पाच-सहा प्रती, पासपोर्ट, इन्शुरन्स, बोटीवरच्या दारू-सिगारेट-औषधांची यादी. बंदूक असेल तर जाहीर करायची, तुम्ही देशात असेपर्यंत ती त्यांच्या ताब्यात राहते. बोट मालकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा असेल तर मालकाचं अधिकारपत्र. बोटीचा एक रबर स्टॅम्प करून घ्या, कायद्याने लागतो म्हणून नाही, पण स्टॅम्प मारलेला कागद टेबलावरून लवकर सरकतो, हे काय आपल्याला वेगळं सांगायला नको.

परदेशी बोट ड्युटी न भरता १८ महिने फिजीत ठेवता येते. माणसाची मुदत आणि बोटीची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही घरी येऊन परत जाऊ शकता, बोट तिथेच.

पोचण्याआधीचा फॉर्म

सी-टू-सी नावाचा फॉर्म, फिजीच्या कस्टम्सला पोचण्याच्या किमान ४८ तास आधी ईमेलने जायला हवा. आता हिशोब करा, न्यूझीलंडच्या ओपुआहून फिजी साधारण ११०० सागरी मैल, बोटीचा वेग ५-६ नॉट्स, म्हणजे आठ-दहा दिवस. ४८ तास आधी तुम्ही भर समुद्रात असणार, बोट तिरकी, लॅपटॉप हातातून निसटतोय, सॅटेलाइटचं कनेक्शन रडतंय. किमान ४८ तास म्हटलंय, कमाल नाही. तेव्हा निघायच्या बंदरात वायफाय आहे तेव्हाच आख्खा फॉर्म भरून पाठवा, आणि वाटेत वेळ बदलली की दोन ओळींचा मेल टाका, बोटीचं नाव, आधीची वेळ, नवी वेळ, कारण. छोटा टेक्स्ट मेल सॅटेलाइटवरून जातो, अटॅचमेंट जाता जात नाही.

एन्ट्री कुठेही करता येत नाही. सुवा, लौतोका, सावुसावू, लेवुका ही जुनी ठरलेली बंदरं, पश्चिमेला डेनाराऊला पण होतं. त्याआधी कुठल्याही बेटावर थांबायचं नाही, नांगर टाकून "जरा झोप काढतो" म्हणालात तरी ते बेकायदेशीर. खरंच हवा बिघडली, शीड फाटलं, कोणी आजारी पडलं तर गोष्ट वेगळी, पण मग लगेच रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवर कळवायचं आणि लॉगबुकात वेळ, जागा, वारा, कारण त्याच क्षणी लिहायचं. नंतर आठवून लिहिलेलं लॉगबुक ओळखू येतं.

पोचल्यावर पिवळा झेंडा (अजून तपासणी व्हायची आहे याची खूण), व्हीएचएफ १६ वर हाक, आणि बोटीवरच बसून राहायचं. हेल्थ, कस्टम्स, इमिग्रेशन, बायोसिक्युरिटी, सगळे येऊन जाईपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. सावुसावूला मरीनावाले त्यांना होडीने घेऊन येतात, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथेच जावं असं माझं मत, गाव छोटं आणि सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. शनिवार-रविवारी किंवा ऑफिसच्या वेळेबाहेर पोचलात तर ओव्हरटाइम लागतो. तो वाचवायला संध्याकाळच्या पावसात घाईने आत शिरू नका, खडक उन्हातच दिसतात, ढगाळ हवेत पाणी सगळीकडे सारखंच राखाडी. रात्रभर बाहेर बोट थोपवून ठेवलेली परवडते.

बायोसिक्युरिटीवाले ताजी फळं, भाज्या, मांस, मध घेऊन जातात. डाळी, अख्खे मसाले, घरचं मेतकूट, सगळं जाहीर करा, ठेवायचं की न्यायचं ते ठरवतील. आमच्या बोटीवर आलेला अधिकारी हिंदीत बोलायला लागला, म्हणजे त्यांच्या फिजी हिंदीत, आणि मसाल्याचा डबा उघडून एक दीर्घ वास घेऊन परत ठेवून दिला. १८७९ ते १९१६ मधे साधारण साठ हजार भारतीय लोक गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे ऊसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यांची ही भाषा. हेल्थ आणि बायोसिक्युरिटीची बिलं भरल्याच्या पावत्या जपून ठेवा, देश सोडताना त्या मागतात.

फिरायचं परमिट, आणि वाऱ्याचा खरा प्रश्न

एन्ट्री झाली म्हणजे बेटं फिरायला मोकळे असं नाही. त्यासाठी क्रूझिंग परमिट, जे इ-तौकेई म्हणजे मूळ फिजीयन लोकांचे व्यवहार बघणारं मंत्रालय देतं. सुवाला त्यांच्या ऑफिसात, बाकी ठिकाणी मरीना किंवा एजंटमार्फत. बोटीचे कागद, क्रू लिस्ट, पासपोर्टच्या कॉपी, आणि कुठे कुठे जाणार त्याची यादी. शिवाय एका बंदराच्या हद्दीतून दुसरीकडे निघताना कस्टम्सचा कोस्टल क्लिअरन्स, तो घेतानाच मधे कधी आणि कसं कळवायचं ते लेखी विचारून घ्या.

यादीत काय लिहायचं? माझं उत्तर, सगळं. लाऊ, लोमाईविती, कांदावू, यासावा ही सगळी बेटं, जिथे जायची एक टक्का शक्यता आहे तेही. लाऊला जायला निघालात आणि वारं नाकावर आलं की तावेउनी किंवा कोरोच्या आडोशाला जावं लागतं, तेव्हा ते नाव कागदावर असलेलं बरं.

आता लाऊची गंमत. ही बेटं फिजीच्या पूर्व टोकाला, टोंगाहून येताना वाटेतच लागतात, पण एन्ट्री झालेली नसल्यामुळे बाजूने बघत बघत पुढे सावुसावूला जायचं, आणि मग तेवढंच मागे, वाऱ्याच्या तोंडावर. सावुसावू ते लाऊमधलं वनुआ बालावू शंभरएक मैल, २५ नॉट्सच्या आग्नेय वाऱ्यात ते करणं म्हणजे बोट आणि संसार दोन्हीची परीक्षा. म्हणून सगळे त्या बिघडलेल्या हवेचीच वाट बघतात! ढगांचा पट्टा येताना वारं एक-दोन दिवस उत्तरेला वळतं, तेवढ्यात निघायचं, आणि वायव्येकडून झोडपायला लागायच्या आत सगळीकडून बंद असलेल्या खाडीत नांगर टाकायचा. ही संधी शुक्रवारी संध्याकाळी आली आणि तुमचं परमिट सोमवारी मिळणार असेल तर बसा बोंबलत. त्यामुळे एन्ट्री झाली की पहिल्याच कामाच्या दिवशी अर्ज टाकायचा, बाजारहाट, कपडे धुणं नंतर.

गावाची परवानगी

समुद्र, खडक, मासे, यांवर त्या त्या गावाचा परंपरेने हक्क असतो, त्याला कोलीकोली म्हणतात (लिहिताना क्यू, म्हणून उच्चार 'ंगोलिंगोली'च्या जवळ). नांगर टाकला की पोहायला, मासे धरायला उतरण्याआधी सेवुसेवू करायचं. म्हणजे यांगोना, ज्याला बाहेर कावा म्हणतात, ज्याच्या मुळांचं पेय करतात, त्या झाडाच्या मुळांची अर्धा किलोची जुडी घेऊन गावात जायचं, तुरांगा नी कोरो म्हणजे गावाचा कारभारी शोधायचा, तो तुम्हाला मुख्य माणसाकडे नेतो. टोपी, गॉगल काढायचा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पिशवी खांद्याला लटकवायची नाही. जुडी समोर जमिनीवर ठेवायची, हातात द्यायची नाही. सावुसावूच्या बाजारातूनच दहा-बारा जुड्या घेऊन ठेवा, हवेमुळे ठरवलेलं बेट चुकलं की न ठरवलेल्या गावात जावं लागतं, आणि तिथेही जुडी लागतेच. मुळंच घ्या, पावडर नको, आणि प्लास्टिकात गच्च बांधा, बोटीत ओल येऊन बुरशी धरते. रविवारी चर्च असतं, त्या दिवशी शक्यतो नांगरावरच थांबावं.

निघताना

बाहेर जायचा क्लिअरन्स घेतला की कुठेही न थांबता निघायचं असतं, वाटेतल्या बेटावर शेवटची डुबकी चालत नाही. म्हणून हवामानाची खिडकी, म्हणजे निघण्याजोग्या हवेचे सलग दिवस, दिसल्याशिवाय क्लिअरन्स घेऊ नका, आणि घेतल्यावर अंदाज बदलला तर गुपचूप नांगरावर न बसता कस्टम्सला जाऊन सांगा. पुढे ऑस्ट्रेलिया असेल तर पोचण्याआधी त्यांना सूचना द्यावी लागते, किती तास आधी ते निघण्याआधी तपासून घ्या. न्यूझीलंड असेल तर ४८ तास आधी, शिवाय बोटीचा तळ स्वच्छ असल्याचा पुरावा, फोटो आणि पावत्यांसकट. हे फोटो फिजीत बोट पाण्याबाहेर काढलेली असतानाच तारखेसकट काढून ठेवा, कील, सुकाणू, प्रोपेलर, पाणी आत घ्यायची भोकं, सगळ्याचे जवळून.