हाय स्ट्रीटची दुकाने आणि पुढे ढकललेले फेरमूल्यांकन

ब्रिटनमध्ये गावाच्या मुख्य बाजाररस्त्यावरची, म्हणजे हाय स्ट्रीटवरची, दुकाने बंद पडू लागली की बोट ऑनलाइन खरेदीकडे दाखवले जाते. ते चूक नाही. पण दुकानदाराला विचारले तर बहुतेकदा आधी विषय निघतो ‘बिझनेस रेट्स’चा, म्हणजे व्यावसायिक जागेवरच्या कराचा. दुकानात विक्री किती झाली, हाती काय उरले, हे हा कर पाहत नाही. गाळ्याला वर्षाला किती भाडे येऊ शकेल याचा सरकारी अंदाज म्हणजे करपात्र मूल्य, आणि त्यावर पौंडामागे ठरलेले पेन्स भरायचे. या कराची मुळे १६०१ च्या गरीब-साहाय्य कायद्यात सापडतात, पण आजचा वाद समजायला गेली चाळीसेक वर्षे पुरेशी आहेत.

१९८० च्या दशकात उद्योग डबघाईला आलेल्या काही भागांत सरकारने विशेष क्षेत्रे आखली आणि तिथे दहा वर्षे हा कर माफ केला. कारखाने येतील अशी अपेक्षा होती, पण काही ठिकाणी उभी राहिली ती अवाढव्य खरेदीसंकुले: गेट्सहेडचे मेट्रोसेंटर, डडलीजवळचे मेरी हिल. प्रशस्त पार्किंग, आणि वर करमाफी. डडलीच्या मुख्य रस्त्यावरची मोठी दुकाने मेरी हिलला गेली. त्यांच्याकडे येणाऱ्या गर्दीवर ज्यांचा गल्ला चालायचा, ती छोटी दुकाने पूर्ण कर भरत तिथेच राहिली. ‘आधी गावाचा मध्य, मग बाहेर’ हे नियोजनाचे धोरण १९९६ मध्ये पक्के झाले, तोवर ही संकुले चांगली रुळली होती.

मधल्या काळात, १९९० मध्ये, कराचा दर ठरवण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांकडून केंद्राकडे गेला आणि दर पाच वर्षांनी फेरमूल्यांकन करायची पद्धत सुरू झाली. हे फेरमूल्यांकन नीट समजून घ्यायला हवे. त्यातून सरकारी तिजोरीत जादा पैसा येत नाही. एकूण वसुली साधारण तेवढीच राहते, फक्त वाटा बदलतात. जिथे भाडी चढली तिथला बोजा वाढतो, जिथे उतरली तिथला हलका होतो. म्हणूनच ते वेळेवर होणे महत्त्वाचे.

२०१० ची करपात्र मूल्यांची यादी एप्रिल २००८ च्या भाड्यांवर बेतलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्या आणि लहान शहरांतली भाडी घसरली. पुढचे फेरमूल्यांकन २०१५ मध्ये व्हायचे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सरकारने इंग्लंडसाठी ते २०१७ वर ढकलले.

याचा अर्थ एका गाळ्यापुरता पाहू. समजा, २००८ मध्ये त्याचे मूल्य २०,००० पौंड धरले होते. २०१२-१३ मध्ये पौंडामागे ४६ पेन्सच्या आसपास दर होता, म्हणजे वर्षाचा कर सुमारे ९,२०० पौंड. आता त्याच रस्त्यावर भाडे १२,००० वर आले असेल, तर त्या मूल्यावर आणि त्याच दराने कर साडेपाच हजारांच्या घरात यायला हवा. (फेरमूल्यांकनात दरही थोडा वर सरकतो, हे खरे.) घरमालकाने भाडे उतरवले तरी कराचे बिल मात्र तेजीच्या काळातलेच. पाच वर्षांची यादी सात वर्षे चालली.

सरकारची बाजू अशी: अनिश्चित काळात स्थैर्य हवे, आणि वेळेवर फेरमूल्यांकन केले असते तर सुमारे आठ लाख जागांचा कर वाढला असता, तीन लाखांचाच घटला असता. व्यापारी संघटनांनी हा अंदाज मानला नाही, आणि मलाही तो पटत नाही. तो हिशेब जागांच्या संख्येचा आहे, कोणत्या रस्त्यावर काय घडेल याचा नाही. लंडनच्या श्रीमंत भागात भाडी वाढली होती, त्यांचा वाढता वाटा पडझड झालेल्या उत्तरेकडच्या गावांनी आणखी दोन वर्षे उचलला.

२०१७ उजाडले तरी सुटका लगेच झाली नाही. ज्यांचा कर वाढणार होता त्यांना धक्का बसू नये म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने केली, आणि त्याचा खर्च भागवायला ज्यांचा कर घटणार होता त्यांची घटही टप्प्यांत बांधली. ही घटीवरची मर्यादा २०२३ मध्ये उठली. छोट्यांना खरा आधार मिळाला तो वेगळ्या सवलतीचा: एप्रिल २०१७ पासून १२,००० पौंडांपर्यंत मूल्याची एकच जागा असलेल्यांना कर शून्य. १५,००० पर्यंत ही सवलत उतरत जाते; त्याच्या वर असलेला दुकानदार मात्र अडकलाच.

कोविडमध्ये किरकोळ दुकानांना पूर्ण वर्षाची माफी मिळाली. नंतर सवलत ७५ टक्के झाली, २०२५-२६ मध्ये ४० टक्क्यांवर आली. डिसेंबर २०२४ पासून कौन्सिलांना दोन वर्षांत मिळून ३६५ दिवसांहून अधिक काळ रिकामा राहिलेला गाळा लिलावाने भाड्याने देता येतो. एप्रिल २०२६ पासून दुकानांसाठी कराचा कायमचा कमी दर आणि पाच लाख पौंड किंवा त्याहून जास्त करपात्र मूल्याच्या जागांना चढा दर ठरला. ४० टक्क्यांची सवलत संपण्याची तारीख त्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे ३१ मार्चची, आणि पुढच्या फेरमूल्यांकनातली नवी मूल्ये लागू होण्याची तारीख १ एप्रिलच. त्यामुळे दर उतरूनही अनेक दुकानदारांचे बिल वाढते.